वर्गासाठी फॅशन मासिक करताय? आधी चोवीस पानं कागदावर मांडा

दर वर्षी सबमिशनच्या आधीच्या शनिवारी हेच दिसतं. ठाणे स्टेशनजवळच्या डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानांत मुलं-मुली पेन ड्राइव्ह हातात धरून उभी असतात. कुणाच्या मासिकाची पानं बावीस झालेली असतात, कुणाचे फोटो व्हॉट्सॲपवरून आल्यामुळे फुटतात, कुणाच्या मथळ्यातली पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसलेली असते. मी नवी मुंबईत फॅशन कम्युनिकेशनच्या मुलांना ले-आउट शिकवते. यांपैकी एकानेही कष्ट कमी केलेले नसतात. चुकतो तो क्रम. आधी मुखपृष्ठ, मग फोटो, मग त्या फोटोंना जागा, मग उरलेल्या जागेत मजकूर आणि सगळ्यात शेवटी छापखाना. हा क्रम जवळजवळ उलटा केला की निम्म्या अडचणी उभ्याच राहत नाहीत.

खाली २४ पानी, सेंटर पिन मारलेलं मासिक धरून सगळं सांगितलं आहे. वर्गाच्या कामासाठी हा आकार योग्य आहे. हातात पाच आठवडे आहेत असं धरा: पहिला विषय, छापखाना आणि पानांच्या नकाशासाठी, दुसरा मजकूर आणि जागा पाहण्यासाठी, तिसरा शूटसाठी, चौथा ले-आउटसाठी आणि पाचवा पूर्ण आठवडा फक्त तपासणी आणि छपाईसाठी. पाचवा आठवडा कुणालाही उधार देऊ नका.

१. वाचक ठरवा, मग विषय

‘तरुणांसाठी फॅशन मासिक’ हा विषय होत नाही. वाचक एका वाक्यात सांगता यायला हवा. उदाहरणार्थ, ‘ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी-बेलापूरला नोकरीला जाणारी, महिन्याला एखादाच नवा कपडा घेणारी पंचविशीतली मुलगी.’ असं वाक्य समोर असलं की पुढचे निर्णय सोपे होतात. तिला गर्दीत चुरगळणार नाही असं कापड हवं, ऑफिसातून थेट हळदीला जाता येईल असा ब्लाउज हवा, जुन्या साडीचं काय करता येईल ते हवं. परदेशातल्या रॅम्पवरचा कोट तिच्या मासिकात कशाला, हा प्रश्न मग आपोआप पडतो.

विषय आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. तलावपाळीवरच्या दिवाळी पहाटेला नवे कपडे घालून लोटणारी तरुणाई, कोपिनेश्वर मंदिराच्या परिसरातून निघणाऱ्या पाडव्याच्या स्वागतयात्रेतल्या नऊवाऱ्या आणि फेटे, चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यातलं लुगडं, उल्हासनगरचा जीन्सचा धंदा. यांतला एकच घ्या. दोन विषय जोडले की चोवीस पानांत दोन्ही अर्धे राहतात.

तपासा: वाचकाचं वाक्य आणि विषयाचं वाक्य वर्गातल्या कुणालाही ऐकवा. तिने किंवा त्याने ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारलं, तर अजून ठरलेलं नाही.

२. कॉम्प्युटर उघडण्याआधी छापखान्यात जा

ही पायरी सगळे शेवटी ठेवतात आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. मासिकाचा आकार तुमच्या आवडीवर ठरत नाही, तो दुकानातल्या कागदावर ठरतो. डिजिटल छपाईत सर्रास १२ × १८ इंची कागद चालतो, म्हणजे साधारण ३०५ × ४५७ मिमी. ए४ मासिक उघडलं की ४२० × २९७ मिमी होतं. चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर नेलेली जादा छपाई) धरलं की ४२६ × ३०३ मिमी. ३०५ पैकी ३०३ संपले, आता मशीनच्या पकडीला आणि कटिंगच्या खुणांना जागा कुठून आणणार? मग दुकानदार फाइल थोडी लहान करून छापतो आणि तुमचे सगळे समास बिघडतात. दुकानात १३ × १९ इंची कागद मिळत असेल तर ए४ व्यवस्थित बसतो. नाही तर पान २०० × २८० मिमी घ्या. उघडल्यावर ते ब्लीडसकट ४०६ × २८६ होतं आणि १२ × १८ मध्ये ऐसपैस बसतं. हातात धरायलाही हा आकार छान वाटतो, म्हणून मी मुलांना हाच सुचवते.

दुकानात हे विचारून वहीत लिहून आणा: कागद कुठल्या मापाचा आहे, कडेला किती जागा छापली जात नाही, पीडीएफ सुट्या पानांची हवी की जोडपानांची, छपाईच्या कागदावर पानांची मांडणी ते करणार की तुम्ही, लॅमिनेशन आणि बाइंडिंग तिथेच होतं की बाहेर पाठवतात. बाहेर पाठवत असतील तर एक दिवस वाढवा. आतली पानं १३० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तेवढा कागद जाड) आर्ट पेपरवर आणि मुखपृष्ठ २५० किंवा ३०० जीएसएमवर घेता येतं. दोन्हींचे नमुने हातात घेऊन, दुमडून बघा. जाड कागदाला घडीच्या जागी आधी क्रीझिंग करून, म्हणजे दाबून रेघ पाडून घ्यावं लागतं, नाही तर घडीवरची शाई तडकते आणि गडद मुखपृष्ठाच्या कण्यावर पांढरी रेघ दिसते.

सावधान: सेंटर पिनच्या मासिकाची पानं चारच्या पटीतच असतात. १६, २०, २४, २८. बावीस पानांचं मासिक पिन मारून होत नाही. शेवटच्या रात्री दोन पानं वाढवायला घेतलेले फोटो तसेच दिसतात, घाईत भरलेले.

३. पानांचा नकाशा

मासिक खरं तर इथे घडतं. या पायरीला निदान दोन दिवस द्या.

सहा कोरे ए४ कागद घ्या, प्रत्येक मधोमध दुमडा, एकात एक घाला. ही तुमची डमी. आता बाहेरून आत १ ते २४ आकडे पेन्सिलीने घाला. कागद सुटे केलेत तर दिसेल की एका कागदाच्या एका बाजूला १ आणि २४ शेजारी आहेत, दुसऱ्या कागदावर ३ आणि २२. प्रत्येक जोडीची बेरीज २५. ही बेरीज लक्षात ठेवा, छपाईच्या वेळी मांडणी बरोबर आहे का ते तिच्यावरून एका नजरेत कळतं. आणखी एक गोष्ट डमीतच कळते. वाचताना समोरासमोर दिसणाऱ्या जोडपानांपैकी फक्त १२-१३ ही जोडी एकाच सलग कागदावर छापली जाते. बाकी सगळ्या जोड्या दोन वेगळ्या कागदांवरच्या असतात, त्यामुळे मधोमध चित्र किंचित सरकतं. म्हणून दोन पानांवर पसरणारा सगळ्यात मोठा फोटो १२-१३ वर ठेवा. दुसरीकडे असा फोटो वापरायचाच असेल, तर चेहरा, हात किंवा मथळ्यातलं अक्षर शिवणीवर येऊ देऊ नका.

मग एका मोठ्या कागदावर सगळ्या जोडपानांचे चौकोन काढून भिंतीला लावा. मी सुरुवातीला देते तो नकाशा असा. १ मुखपृष्ठ, २ वर पूर्ण पान फोटो, ३ वर अनुक्रमणिका. ४ वर संपादकीय आणि ५ वर श्रेयनामावली, म्हणजे फोटो कुणाचे, कपडे कुणाचे, मेकअप कुणाचा. ६-७ वर छोट्या नोंदी, ८-९ वर मुलाखत. १० ते १५ ही मुख्य फोटोकथा, तिच्या मधोमध १२-१३. १६ ते १९ मोठा लेख. २०-२१ वर वाचकाला वापरता येईल असं काही, जसं शिंप्याकडे ब्लाउज टाकताना कुठली मापं सांगायची. २२ जाहिरात, २३ शेवटचं सदर, २४ मलपृष्ठ.

हा नकाशा जसाच्या तसा घेऊ नका. तुमच्या विषयाला मुलाखत जास्त शोभत असेल तर ती मध्ये आणा, लेख छोटा करा. फक्त एक पाळा: भरगच्च जोडपानानंतर मोकळं जोडपान यायला हवं. फोटोकथेच्या सहा पानांनंतर पुन्हा पूर्ण पान फोटो आला की मुख्य फोटोकथा कुठे संपली तेच कळत नाही. तिथे मजकुराचं शांत पान हवं.

प्रत्येक चौकोनात चार गोष्टी लिहा: काय आहे, साधारण किती शब्द, किती फोटो (उभे की आडवे) आणि जबाबदारी कुणाची. २०० × २८० च्या पानावर निम्मी जागा फोटो आणि मथळ्याला दिली, तर २५० ते ३०० शब्द बसतात. मुलं एका पानासाठी आठशे शब्द लिहून आणतात आणि मग अक्षर आठ पॉइंटवर नेतात. आकडा आधीच लिहिलेला असला की हे होत नाही.

तपासा: नकाशात ‘फोटो’ एवढंच लिहिलेला एकही चौकोन राहू नये. ‘उभा फोटो, फक्त हात आणि बांगड्या, उजवीकडे मोकळी जागा’ असं लिहिलेलं हवं.

४. मजकूर शूटच्या आधी

निदान कच्चा मजकूर तरी शूटच्या आधी तयार हवा, कारण काय टिपायचं ते त्यातूनच ठरतं. मागे एका विद्यार्थिनीने लुगड्यावर सुंदर मुलाखत घेतली. तिच्यातल्या मावशी लुगडं मागे खोचण्याची पद्धत समजावून सांगत होत्या. पण शूट आधीच उरकलं होतं आणि एकाही फोटोत पाठमोरी बाजू नव्हती. चार ओळींचं वर्णन लिहून तिने वेळ भागवली, पण तिथे तीन छोटे फोटो लेखापेक्षा जास्त सांगून गेले असते.

कपड्याबद्दल लिहिताना नेमकं लिहा. ‘ट्रॅडिशनल लुक’ने काहीच कळत नाही. खण आहे की इरकल, काठ केवढा, पदर कसा, बुट्टी विणलेली की छापलेली, हे विचारून घ्या. रंगांना आपल्याकडे सुरेख नावं आहेत: राणी, अबोली, मोतिया, चिंतामणी, डाळिंबी, शेवाळी. ती वापरा, पण रंग बघून वापरा. प्रत्येक फिक्या गुलाबीला अबोली म्हणू नका.

शब्दांची एक यादी करून भिंतीवर नकाशाशेजारी लावा. ‘ॲक्सेसरी’ की ‘ॲक्सेसरीज’, ‘स्टाइल’ की ‘स्टाईल’, ‘ब्लाउज’ की ‘ब्लाऊज’. एकदा ठरवा आणि सगळ्यांनी तेच लिहा. चौघांनी लिहिलेलं मासिक एका हातचं वाटायला ही यादी फार मदत करते.

नेटवरचे फोटो आणि लेख उचलू नका. कुणीतरी पोस्ट केलेला फोटो फुकट मिळाला म्हणून तो तुमचा होत नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तो काढणाऱ्याचा असतो. हेच मासिक उद्या तुम्ही पोर्टफोलिओत लावणार आहात, तेव्हा आतापासूनच स्वतःचे फोटो वापरा. जाहिरातीसाठीही खऱ्या ब्रँडचा लोगो घेण्यापेक्षा काल्पनिक ब्रँड तयार करा. ले-आउटचं कौशल्य त्यात जास्त दिसतं.

५. शूटची तयारी

शूट बिघडतं ते आदल्या दिवशी.

जागा प्रत्यक्ष जाऊन बघा, आणि ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जा. तलावपाळी सकाळी सातला फिरणाऱ्यांची असते, संध्याकाळी सातला खाऊगाड्यांची. राम मारुती रोडवर रविवारी संध्याकाळी तिपाई ठेवायला जागा मिळत नाही. वाशीच्या सागर विहारसारख्या खाडीकाठच्या ठिकाणी भरती-ओहोटीची वेळ बघा, ओहोटीला पार्श्वभूमीत पाण्याऐवजी चिखल येतो. उपवनला सकाळचा उजेड छान मिळतो. हिवाळ्यात साडेसात ते साडेनऊ ही वेळ धरा, त्यानंतर डोळ्यांखाली सावल्या पडायला लागतात.

परवानगीचं आधी बघा. रेल्वे स्थानकाच्या हद्दीत शूटसाठी रेल्वेची लेखी परवानगी लागते. विषय लोकलचा असला तरी फलाटाऐवजी स्टेशनबाहेरचा जिना किंवा रिक्षा स्टँड घ्या. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय कपड्यांच्या बॅगा घेऊन जाऊ नका. बेलापूरचं चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं आर्टिस्ट व्हिलेज फोटोंसाठी मोह घालतं, पण ती लोकांची राहती घरं आहेत. दार वाजवून विचारा. आणि पाम बीच रोडवर, रस्त्याच्या कडेलासुद्धा, मॉडेल उभी करू नका. तिथल्या गाड्यांचा वेग बघता कुठलाही फोटो त्या मोलाचा नाही.

ज्यांचे फोटो काढणार त्यांची लेखी संमती घ्या. एका पानावर नाव, कशासाठी फोटो, कुठे कुठे वापरणार आणि सही. मॉडेल अठरा वर्षांखालची असेल तर आई-वडिलांची सही लागेल. कोळीवाड्यात किंवा बाजारात कुणाचा फोटो घेतलात तर त्यांनाही मराठीत समजावून सांगा आणि नाव कसं छापायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

कपड्यांचं काम वेगळं. प्रत्येक पेहरावाला क्रमांक द्या आणि एका पाकिटात त्याचे दागिने, पादत्राण, पिना एकत्र ठेवा, वर क्रमांक लिहा. सगळं आदल्या रात्री इस्त्री करून हँगरला. पेटीत हे हवंच: सेफ्टी पिना तीन मापांच्या, सुई-दोरा, दुहेरी चिकटपट्टी, सैल ब्लाउज पाठीमागे आवळायला कागदाचे काळे क्लिप, टिपकागद, पाणी, पांढरा कागद. उसन्या चपलांच्या तळव्याला कागदी चिकटपट्टी लावा म्हणजे त्या परत करताना लाज वाटणार नाही. टॅग कापू नका, आत दुमडून पिन करा.

सावधान: कपडे बदलायला जागा कुठे, हे जवळजवळ प्रत्येक गट विसरतो. सार्वजनिक स्वच्छतागृहात नऊवारी नेसता येत नाही. जवळ राहणाऱ्या मैत्रिणीच्या घरी आधी विचारून ठेवा, आणि जागा निवडताना ते घर किती लांब आहे तेही बघा.

६. शूटचा दिवस

नकाशाची झेरॉक्स बरोबर ठेवा आणि एकेक चौकोन खोडत जा. एकाने फक्त हेच काम करायचं, कॅमेरा धरायचा नाही.

फोन चालतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो ३०२४ × ४०३२ पिक्सेलचा असतो. २०० × २८० चं पूर्ण पान ब्लीडसकट ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) छापायला सुमारे २४३३ × ३३७८ पिक्सेल लागतात, म्हणजे फोटो पुरतो. पण तो निम्मा कापलात तर पुरत नाही. म्हणून झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो केसांच्या आणि ओढणीच्या कडा खातो. चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टरही बंद, कारण तो कापडाचा पोतही पुसतो आणि फॅशन मासिकात पोतच तर दाखवायचा आहे.

प्रत्येक नव्या उजेडात आधी मॉडेलच्या हातात पांढरा कागद देऊन एक फोटो काढा. नंतर रंग दुरुस्त करताना तो आधाराला येतो. प्रत्येक पेहरावाचे पूर्ण उभे, कमरेपर्यंतचे आणि अगदी जवळचे असे फोटो घ्या. किनार, बटण, गाठ, चपलेचा पट्टा असे तपशीलच मजकुराच्या पानांवर लागतात आणि तेच नेहमी कमी पडतात. मजकूर ज्या बाजूला येणार तिथे मोकळी जागा सोडा. मुखपृष्ठासाठी निदान दहा फोटो वेगळे काढा, डोक्यावर भरपूर जागा ठेवून.

फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवले की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, छापताना जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. ड्राइव्हवर टाका, नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत ठेवा.

७. ले-आउट

आता कॉम्प्युटर. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पान २०० × २८० मिमी, समोरासमोरची पानं, ब्लीड ३ मिमी. आतला समास १८ ते २० मिमी, बाहेरचा १४. पृष्ठांक कडेपासून निदान १० मिमी आत ठेवा. पिनच्या मासिकात मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची कड जास्त जाते, कडेला चिकटलेला आकडा तिथेच कापला जातो. सहा स्तंभांची जाळी घ्या, तिच्यावर दोन किंवा तीन स्तंभांचा मजकूर मांडता येतो.

देवनागरीचं नीट बघा, कारण बहुतेक शिकवण्या रोमन लिपी धरून केलेल्या असतात.

पहिली गोष्ट, परिच्छेदाच्या मेन्यूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात ती हे न केल्यामुळेच. परिच्छेदाच्या शैलीतच ते बसवून टाका, म्हणजे प्रत्येक चौकटीत पुन्हा करावं लागणार नाही. इनडिझाइन नसेल तर स्क्रायबसची नवी आवृत्ती विनामूल्य आहे आणि देवनागरी नीट जुळवते.

दुसरी, फाँट युनिकोडच घ्या. मुक्त, बलू, टिरो देवनागरी मराठी हे सगळे विनामूल्य मिळतात. दोनच वापरा, एक मथळ्यांना, एक मजकुराला. निवडण्याआधी ‘ॲ’, ‘ऱ्या’, ‘ल’, ‘श’ ही अक्षरं टाइप करून बघा. काही फाँटमध्ये ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो, आणि ‘ॲक्सेसरी’ हा शब्द तुमच्या मासिकात वीस वेळा येणार आहे. काहींत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की, फाँटमध्ये सोय असेल तर, ते आपल्या वळणाचे होतात.

तिसरी, अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. फॅशन मासिकांत रोमन मथळे ऐसपैस पसरलेले दिसतात म्हणून मुलं देवनागरीतही तेच करतात आणि शिरोरेषा तुटून दातासारखी दिसते. मथळा मोठा दिसायला हवा असेल तर आकार वाढवा, आजूबाजूला जागा सोडा. मजकूर १० पॉइंटचा असेल तर ओळींमधलं अंतर १५ पॉइंट ठेवा, वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडायला नकोत. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांत भोकं पडतात, तिथे डावीकडून सरळ ठेवा.

मजकूर ओतण्याआधी मथळा, उपमथळा, मजकूर, फोटोओळ अशा चार-पाच शैली करून ठेवा. हाताने एकेका पानावर आकार बदलत गेलात तर सोळाव्या पानापर्यंत तीन वेगळे मजकूर दिसायला लागतात.

तपासा: इनडिझाइनमध्ये प्रत्येक शाई वेगळी दाखवणारा सेपरेशन्स प्रिव्ह्यू उघडून काळी शाई बंद करा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. अक्षरं राखाडी-तपकिरी उरली, तर तुमचा काळा चार शाईंचा आहे. शाया जराशा जरी सरकल्या तरी बारीक अक्षर पुसट छापलं जाईल. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात हे हमखास होतं.

८. मुखपृष्ठ

आतली पानं पूर्ण झाल्यावरच घ्या. तोवर सगळ्यात जोरदार फोटो कोणता ते कळलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो मुखपृष्ठासाठी म्हणून काढलेला नसतो.

मासिकाच्या नावापुढे मॉडेलचं डोकं आणण्याची पद्धत देवनागरीत जपून वापरा. आपल्या अक्षरांची ओळख शिरोरेषेखाली असते. खालचा भाग झाकला की नुसती रेघ आणि मात्रा उरतात. एखादंच अक्षर थोडं झाकून बघा आणि ज्याला नाव माहीत नाही अशा माणसाला वाचायला सांगा. मुखपृष्ठावर तीनच ओळी द्या, आणि प्रत्येकीचा लेख आत आहे ना ते बघा. छापून भिंतीवर लावा, तीन मीटरवरून नाव वाचता आलं पाहिजे.

९. तपासणी आणि छपाई

सगळी पानं साध्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर काढा. पडद्यावर चूक दिसत नाही. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ओळीवर बोट ठेवायचं. मग वेगळ्या फेरीत फक्त माणसांची नावं बघा, त्यानंतर अनुक्रमणिकेतले आकडे आणि पानावरचे आकडे. शेवटी फक्त रफार, अनुस्वार आणि ‘ऱ्या’. एकाच वाचनात सगळं बघायला गेलात तर नावंच सुटतात.

रंगांसाठी मनाची तयारी ठेवा. पडद्यावरची राणी, पोपटी आणि झगझगीत निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मंदावतात. फोटोकथेतली मुख्य साडीच राणी रंगाची असेल तर पार्श्वभूमी थोडी गडद किंवा राखाडी ठेवा, शेजारी मंद रंग असला की तोच रंग उजळ वाटतो.

पीडीएफ दुकानदाराने सांगितली तशी द्या, बहुतेक ठिकाणी सुटी पानं, ब्लीड आणि कटिंगच्या खुणांसकट. फाइलच्या नावात तारीख घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ अशा तीन फाइली असतील तर चुकीची छापली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आधी एकच प्रत पूर्ण छापून, पिन मारून, कापून घ्या. दुकानाबाहेर उजेडात या. पानं क्रमाने आहेत का, १२-१३ वरचा फोटो सलग आहे का, पृष्ठांक कापले गेलेत का, घडी तडकली आहे का ते बघा. घरी नेऊन एक रात्र ठेवा आणि मगच उरलेल्या प्रती सांगा. सबमिशन सोमवारी असेल तर ही पहिली प्रत आधीच्या मंगळवारी हातात हवी, म्हणजे दुरुस्तीला बुधवार-गुरुवार मिळतात आणि शनिवारच्या गर्दीत उभं राहावं लागत नाही.

१०. सबमिशननंतर

इनडिझाइनचं पॅकेज करून फाँट, फोटो आणि पीडीएफ एका फोल्डरमध्ये ठेवा. व्हायवाला भिंतीवरचा नकाशा आणि पेन्सिलीच्या खुणांची डमीही न्या. परीक्षक त्यावर आवर्जून प्रश्न विचारतात आणि तुम्हाला उत्तरं माहीत असतात.

उसने कपडे आठवड्याच्या आत धुऊन, इस्त्री करून परत करा. लुगडं किंवा पैठणी असेल तर कशी धुवायची ते मालकिणीलाच विचारा, परस्पर लाँड्रीत टाकू नका. ज्यांनी वेळ दिला, घर दिलं, कपडा दिला त्यांच्यासाठी प्रती आधीच मोजून जास्त छापा. प्रत देताना त्यांचं पान उघडून दाखवा आणि नाव बरोबर छापलंय का ते विचारा. चुकलं असेल तर पीडीएफमध्ये दुरुस्त करा आणि ती मगच पुढे कुणाला पाठवा.